मुंबई ते दिल्ली : अंतर १,१४० किलोमीटर, पण वेळ किती?

प्रतिनिधी, मुंबई

दिल्लीत सकाळी अकरा वाजता मुलाखत आहे. मुंबईहून आठचे विमान सव्वादहाला पोहोचते, असे तिकिटावर छापलेले आहे. पाऊण तास हाताशी आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही, असा हिशेब अनेक जण करतात आणि तो बहुधा चुकतो. विमान अगदी वेळेवर उतरले तरीही तो चुकतो. तिकिटावरची वेळ खोटी नसते. ती कोणत्या दोन क्षणांमधली वेळ आहे, हे मात्र प्रवाशाला ठाऊक नसते.

मुंबई-दिल्ली हा जगातील सर्वाधिक वर्दळीच्या देशांतर्गत हवाई मार्गांपैकी एक आहे. या मार्गावर नियमित ये-जा करणाऱ्यांनाही ‘विमानाने किती वेळ लागतो’ या साध्या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. कोणी पावणेदोन तास सांगतो, कोणी सव्वादोन, तर कोणी वैतागून ‘अख्खी सकाळ जाते’ असे म्हणतो. विशेष म्हणजे ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती कशी, हे समजून घेतले तर मुलाखत, न्यायालयाची तारीख किंवा परदेशी जाणारे पुढचे विमान चुकण्याची वेळ येणार नाही.

अंतर कसे मोजतात?

दोन विमानतळांमधील अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले लघुतम अंतर. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांच्या मध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या रेषेवर बसेल तिला बृहद्वृत्त म्हणतात. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर, तर दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे २८ अंश ३४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. रेखांशांत जवळपास सव्वाचार अंशांचा फरक आहे. या आकड्यांवरून हे अंतर सुमारे १,१४० किलोमीटर येते.

वैमानिक मात्र किलोमीटरमध्ये बोलत नाहीत. त्यांचे माप सागरी मैलाचे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजेच अक्षांशाच्या एका अंशाचा जवळपास साठावा भाग. त्या हिशेबाने मुंबई-दिल्ली अंतर सुमारे ६१५ सागरी मैल भरते. ही सरळ रेषा नकाशावर आखली तर ती नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागावरून मध्य प्रदेशात शिरते. मंदसौरच्या आसपास निम्मे अंतर संपते आणि पुढे कोटाच्या पश्चिमेकडून व जयपूरच्या पूर्वेकडून ती दिल्लीला पोहोचते.

तुलनेसाठी लोहमार्गाचे उदाहरण घेता येईल. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे वडोदरा, रतलाम, कोटामार्गे सुमारे १,३८५ किलोमीटर आहे आणि राजधानी एक्स्प्रेसला त्यासाठी सुमारे साडेपंधरा तास लागतात. रूळ नद्या, डोंगर आणि शहरे पाहून वळणे घेतात. आकाशात तशी अडचण नसली तरी विमानही सरळ रेषेत जात नाही.

सरळ रेषा का मोडते?

पहिले वळण धावपट्टी ठरवते. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उडते व उतरते. मुंबईत बहुतेक वेळा पश्चिमेकडे, म्हणजे अरबी समुद्राच्या दिशेने उड्डाण होते. दिल्ली उत्तरेला असल्याने समुद्रावर गेल्यावर विमानाला उजवीकडे वळावे लागते. दिल्लीतही वारा बऱ्याचदा पश्चिमेकडून असतो. त्यामुळे दक्षिणेकडून आलेले विमान आधी शहराच्या पूर्वेला जाते आणि मग पश्चिमेकडे तोंड करून धावपट्टीवर येते. प्रवाशाला खिडकीतून दिल्ली दिसू लागते, पण विमान उतरण्याची चिन्हे दिसत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण आकाशातील आखलेले मार्ग. विमाने हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने दिलेल्या मार्गावरून आणि नेमून दिलेल्या उंचीवरून उडतात. पूर्वेकडे झुकणाऱ्या दिशेच्या विमानांना ३३, ३५ किंवा ३७ हजार फूट अशी विषम उंची, तर पश्चिमेकडे झुकणाऱ्या विमानांना ३४, ३६ किंवा ३८ हजार फूट अशी सम उंची दिली जाते. दिल्लीला जाणारे विमान त्यामुळे विषम उंचीवर आणि परतणारे सम उंचीवर असते. २९ ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमधील उभे अंतर भारतात २००३ मध्ये दोन हजार फुटांवरून एक हजार फुटांवर आणले गेले. त्यामुळे तेवढ्याच आकाशात अधिक विमाने मावू लागली.

तिसरे कारण संरक्षण दलांसाठी राखून ठेवलेला अवकाश. देशाच्या हवाई क्षेत्रापैकी जेमतेम ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे उपलब्ध असल्याचे केंद्र सरकारने मे २०२० मध्ये सांगितले होते. राखीव भाग काही वेळांसाठी नागरी वाहतुकीला खुले करून मार्ग सरळ करण्याचे प्रयत्न त्यानंतर वाढले. तरीही प्रत्यक्ष उडालेले अंतर नकाशावरच्या अंतरापेक्षा काहीसे अधिकच भरते.

८१ मिनिटांचे गणित आणि वास्तव

या मार्गावर प्रामुख्याने एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ या कुळांतील विमाने वापरली जातात. ३५ हजार फुटांवर त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ७८ टक्के, म्हणजे ताशी ८३० ते ८५० किलोमीटर असतो. १,१४० किलोमीटरला ८४० ने भागले तर उत्तर येते ८१ मिनिटे. अंतर आणि वेळ सांगणारी अनेक गणकयंत्रे थोड्याफार फरकाने हेच करतात आणि इथेच फसगत सुरू होते.

विमान हा वेग संपूर्ण प्रवासात राखू शकत नाही. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. पूर्ण उंची गाठायला २० ते २५ मिनिटे लागतात. दिल्लीच्या अलीकडे सुमारे २०० किलोमीटरवर विमान खाली यायला लागते आणि तेथून वेग कमी कमी होत जातो. म्हणजे पूर्ण वेगाचा टप्पा उरतो जेमतेम ७०० किलोमीटरचा. धावपट्टी सोडल्यापासून चाके पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचा काळ त्यामुळे साधारण एक तास चाळीस मिनिटांचा होतो. ‘पावणेदोन तास’ हे उत्तर येते ते इथून.

‘वैमानिक वेग वाढवून उशीर भरून का काढत नाही,’ असा प्रश्न प्रवासी नेहमी विचारतात. त्याचेही उत्तर याच गणितात आहे. ७०० किलोमीटरच्या टप्प्यात वेग ध्वनीच्या ७८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेला, तर वाचतो जेमतेम सव्वा मिनिट. इंधन मात्र जास्त जळते. एवढ्या छोट्या मार्गावर आकाशात वेळ कमावता येत नाही. ती कमावता किंवा गमावता येते प्रामुख्याने जमिनीवर आणि विमानतळांच्या परिसरात.

‘ब्लॉक टाइम’ म्हणजे काय?

वेळापत्रकात आणि तिकिटावर छापली जाते ती वेळ उड्डाणाची नसते. तिला विमान व्यवसायात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हलते, तो क्षण म्हणजे प्रस्थान. दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहून पुन्हा ठोकळे लागतात, तो क्षण म्हणजे आगमन. या दोन क्षणांमधला काळ म्हणजे ‘ब्लॉक टाइम’. मुंबई-दिल्ली मार्गावर तो साधारण दोन तास पाच मिनिटांपासून दोन तास पंचवीस मिनिटांपर्यंत दाखवलेला आढळतो.

एक तास चाळीस मिनिटांच्या उड्डाणात सुरुवातीला धावपट्टीपर्यंत जाण्याची व रांगेत थांबण्याची १५ ते २५ मिनिटे आणि शेवटी धावपट्टीपासून जागेवर येण्याची सुमारे १० मिनिटे मिळवली की हा आकडा जुळतो. गर्दीच्या वेळी निघणाऱ्या विमानांना कंपन्या काही मिनिटे जास्त धरतात. त्यामुळेच उशिरा सुटलेले विमान कधी कधी वेळेवर पोहोचते. वेळेवरपणाच्या आकडेवारीत छापील वेळेपासून १५ मिनिटांच्या आतले विमान वेळेवर धरले जाते, हेही लक्षात ठेवावे.

मुंबईची कोंडी

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक करता येत नाही. व्यवहारात हा एका धावपट्टीचा विमानतळ ठरतो. तरीही येथून एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाल्याची नोंद आहे. अशा ठिकाणी एका विमानाला पाच मिनिटे उशीर झाला की त्याचा परिणाम मागच्या रांगेवर होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबईतील विमानांची संख्या कमी करण्याचे पाऊल उचलले. गर्दीच्या तासांत ताशी ४६ ऐवजी ४४ आणि अन्य वेळी ४४ ऐवजी ४२ विमानांची मर्यादा घालण्यात आली. विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असल्याचे मंत्रालयाने तेव्हा नमूद केले होते. एक विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन जाळते. ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १ लाख ८० हजार रुपयांचे इंधन वाया जाते, असा हिशेबही देण्यात आला होता. दिल्लीहून येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने या घिरट्या म्हणजे प्रवासाच्या वेळेत चाळीस टक्क्यांची वाढ होय.

पावसाळ्यात मुंबईची अडचण वाढते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे घसरले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. दुसरी धावपट्टी तुलनेने आखूड असल्याने अनेक उड्डाणे रद्द झाली किंवा रखडली. पावसाळ्याच्या आधी व नंतर देखभालीसाठी धावपट्ट्या काही तास बंद ठेवल्या जातात, त्याची पूर्वसूचना मात्र दिली जाते.

दिल्लीचे धुके आणि विस्तीर्ण आवार

दिल्लीची अडचण वेगळी आहे. तेथे चार धावपट्ट्या आहेत, पण आवार विस्तीर्ण आहे. उतरल्यानंतरही विमान बराच वेळ जमिनीवरून चालतच राहते, असा अनुभव अनेकांना येतो. २००८ मध्ये सुरू झालेली तिसरी धावपट्टी ४,४३० मीटर लांबीची आहे. तेथून टर्मिनल १ पर्यंत जाण्यासाठी विमानाला सुमारे नऊ किलोमीटर चालावे लागत असे. जुलै २०२३ मध्ये चौथ्या धावपट्टीसोबत उन्नत टॅक्सीवे सुरू झाला आणि हे अंतर सुमारे दोन किलोमीटरवर आले. विमानाच्या वेगात काहीही फरक न पडता प्रवासाचा वेळ कमी झाल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी अखेरपर्यंत मात्र धुके सगळे हिशेब उधळून लावते. दिल्लीत ‘कॅट-३ बी’ यंत्रणा असल्याने धावपट्टीवरील दृश्यता ५० मीटरपर्यंत खाली आली तरी विमान उतरवता येते. परंतु त्यासाठी विमानात तशी उपकरणे आणि वैमानिकांकडे तसे प्रशिक्षण असावे लागते. शिवाय उड्डाणासाठी उतरण्यापेक्षा जास्त दृश्यता लागते. त्यामुळे विमान उतरते, पण सुटत नाही, अशी स्थिती निर्माण होते. धुक्यात दोन विमानांमधील अंतरही वाढवावे लागते आणि तासाभरात हाताळल्या जाणाऱ्या विमानांची संख्या घटते. काही विमाने जयपूर, लखनौसारख्या शहरांकडे वळवली जातात. धुके पहाटे व सकाळी दाट असते. म्हणूनच एरवी सर्वांत वेळेवर असणारे पहाटेचे विमान या दिवसांत सर्वांत बेभरवशाचे ठरते.

वारा आणि लांबचा पल्ला

हिवाळ्यात उत्तर भारतावर मोठ्या उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. मुंबई-दिल्ली मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्याने हे वारे विमानाला बाजूने लागतात. जाताना थोडी मदत आणि येताना थोडा अडथळा, एवढाच त्यांचा परिणाम असतो.

लांब पल्ल्यावर हाच वारा निर्णायक ठरतो. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे विमान पूर्वी पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. नवा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांब, एकूण सुमारे १५,३०० किलोमीटरचा होता. परंतु वारा पाठीशी असल्याने विमान सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचले. अंतर वाढले आणि वेळ घटला. अंतर आणि वेळ यांचे नाते किती सैल असते, हे याहून स्पष्ट करणे कठीण आहे.

घर ते घर किती?

आता दादरहून निघून दिल्लीत कॅनॉट प्लेसला पोहोचणाऱ्या प्रवाशाचा हिशेब मांडू. घर ते विमानतळ एक तास. उड्डाणापूर्वी दोन तास विमानतळावर. ‘ब्लॉक टाइम’ सव्वादोन तास. विमानातून बाहेर पडून सामान मिळेपर्यंत ४० मिनिटे. तेथून शहरात ४५ मिनिटे. एकूण सहा तास चाळीस मिनिटे. यापैकी प्रत्यक्ष आकाशातला वेळ एक तास चाळीस मिनिटे, म्हणजे केवळ चौथा हिस्सा. ताशी ८४० किलोमीटर वेगाच्या वाहनातून जाणारा हा प्रवासी घर ते घर या हिशेबाने ताशी १७० किलोमीटरने प्रवास करतो.

उरलेला तीन चतुर्थांश हिस्सा कमी करणे काही अंशी प्रवाशाच्या हाती आहे. मुंबईत मेट्रो ३ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि दोन्ही टर्मिनलजवळ तिची स्थानके आहेत. दिल्लीत २०११ पासून धावणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो टर्मिनल ३ पासून नवी दिल्ली रेल्वे स्थानकापर्यंत सुमारे वीस मिनिटांत पोहोचवते. सामानाबाबत नागरी विमान सुरक्षा विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपन्यांना ताकीद दिली होती. इंजिन बंद झाल्यापासून दहा मिनिटांत पहिली आणि तीस मिनिटांत शेवटची बॅग पट्ट्यावर यावी, असा दंडक आहे. हातातील सामानावर भागत असेल तर तेवढाही वेळ वाचतो.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाल्यापासून आणखी एक खबरदारी आवश्यक झाली आहे. तेथून दिल्लीचे हवाई अंतर मुंबईच्या जुन्या विमानतळापेक्षा फार तर चार-पाच किलोमीटरने वेगळे आहे. पण बोरिवलीच्या प्रवाशासाठी आणि पनवेलच्या प्रवाशासाठी या दोन विमानतळांत तासाहून अधिक फरक पडू शकतो. तिकिटावर केवळ ‘मुंबई’ हा शब्द पाहून भागत नाही. विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही पाहावेत.

वेळेचे पैसे

‘ब्लॉक टाइम’ हा केवळ तांत्रिक शब्द नाही. प्रवाशाचे हक्कही त्यावर ठरतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंत ‘ब्लॉक टाइम’ असलेल्या उड्डाणाला दोन तास वा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय करून द्यावी लागते. मुंबई-दिल्ली मार्ग याच गटात येतो. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांतील एकाची निवड प्रवासी करू शकतो.

योग्य मुदतीत न कळवता उड्डाण रद्द केले तर नुकसानभरपाईही ‘ब्लॉक टाइम’वर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असल्यास १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती दिली जाते. मुंबई-दिल्लीचा छापील वेळ दोन तासांच्या वर असल्याने तो वरच्या गटात मोडतो. मात्र धुके, वादळ किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेला उशीर कंपनीच्या आवाक्याबाहेरचा मानला जातो आणि तेव्हा ही भरपाई मिळत नाही.

दिल्लीहून परदेशी जाणाऱ्यांनी तर अधिक जपावे. मुंबई-दिल्ली आणि पुढचा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास प्रवाशाला पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो प्रवासी केवळ गैरहजर असतो. तिकिटात वाचवलेले दोन-तीन हजार रुपये अशा वेळी फार महागात पडतात.

आता सुरुवातीच्या मुलाखतीकडे पुन्हा पाहू. सव्वादहाला उतरलेल्या प्रवाशाला सामान घेऊन बाहेर पडायला पावणेअकरा ते अकरा वाजतील आणि शहरात पोहोचायला पावणेबारा. त्याला सहाचे विमान घ्यावे लागेल. मग तो पावणेदहाच्या सुमारास कॅनॉट प्लेसला पोहोचेल आणि त्याच्या हाती तास-सव्वा तास उरेल. महिना जानेवारीचा असेल तर आदल्या संध्याकाळीच निघावे, हे उत्तम. विमानाचे तिकीट काढताना उड्डाणाच्या वेळेपासून पुढे मोजण्यापेक्षा, जिथे पोहोचायचे आहे तिथल्या वेळेपासून मागे मोजावे.